लाज इंग्रजांच्या आधीपासूनच होती

‘नग्नतेची लाज आपल्याला इंग्रजांनी शिकवली. त्याआधी नग्न साधूकडे कुणी वळूनही पाहत नसे, ही मोकळीक स्त्री-पुरुष दोघांनाही होती आणि आज आक्षेप घेणारे सगळे गुलाम मानसिकतेचे आहेत.’ कुंभमेळा जवळ आला की हा मजकूर फिरू लागतो. पाठवणाऱ्यांना साधूंची बाजू घ्यायची असते, हे कळतं. पण यातला एकही दावा टिकत नाही.

आधी लाजेचं पाहू. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ‘न नग्नः स्नानमाचरेत्’ असं स्पष्ट म्हटलं आहे. भागवताच्या दहाव्या स्कंधात कृष्ण गोपींना बजावतो की, व्रत चालू असताना तुम्ही विवस्त्र पाण्यात उतरलात, हा देवाचा अपराध झाला. विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथातली विशाखा या बुद्धांच्या उपासिकेची गोष्ट तर फार बोलकी आहे. भिक्षू पावसात उघड्याने अंघोळ करत होते. त्यांना जेवणाचं बोलावणं करायला गेलेली विशाखेची दासी परत येऊन म्हणाली, विहारात भिक्षू नाहीतच, आजीवक (नग्न राहणाऱ्या दुसऱ्या पंथाचे साधू) आहेत. मग विशाखेने भिक्षूंना पावसाळी स्नानवस्त्रं देण्याची परवानगी बुद्धांकडे मागितली. १८६० च्या दंड संहितेने अश्लील कृत्य गुन्हा ठरवलं, लाजेला कायद्याचा धाक जोडला, हे खरं. पण लाज त्याच्या कितीतरी आधीची आहे.

या मजकुराने सर्वांत मोठा अन्याय होतो तो जैनांच्या दिगंबर पंथातल्या नग्न मुनींवर. तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथाच्या नवव्या अध्यायात साधूने सोसायचे २२ परीषह, म्हणजे त्रास, सांगितले आहेत. भूक, तहान, थंडी, उष्मा, डास यांच्याच ओळीत ‘नाग्न्य’, म्हणजे नग्नता, येतं. नग्नतेचं कुणाला काहीच वाटत नसतं, तर ती सोसायची गोष्ट कशी ठरली असती? म्हणून तर तिथे पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवरचा ‘क्षुल्लक’ लंगोटावर एक वस्त्र ठेवतो, पुढचा ‘ऐलक’ फक्त लंगोट, आणि मुनी तोही सोडतो. लाज जिंकायला माणसाला वर्षं लागतात. ती मुळात नव्हतीच असं म्हणणं म्हणजे त्या साधनेची किंमत शून्य करणं.

शिवाय ही परंपराही एकसारखी चालत आलेली नाही. मध्ययुगात दिगंबरांमधल्याच भट्टारकांनी, म्हणजे मठाधिपतींनी, वस्त्रं स्वीकारली आणि पुढे नग्न मुनी दुर्मीळ झाले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आचार्य शांतिसागरांनी ती वाट पुन्हा रुळवली. म्हणजे मुनिपरंपरेला उभारी आली तीही इंग्रजी अमदानीत.

स्त्रियांना मोकळीक होती म्हणावं, तर दिगंबर आर्यिका, म्हणजे साध्वी, पांढरी साडी नेसतात. स्त्रीला वस्त्रत्याग शक्य नाही, म्हणून त्याच जन्मी मोक्षही नाही, असं दिगंबर मानतात. जैनांच्याच श्वेतांबर पंथाला हे मान्य नाही. ते तर मल्ली या तीर्थंकरालाच स्त्री मानतात. हा वाद शतकानुशतकं चालू आहे. वस्त्रं टाकलेल्या कन्नड संत कवयित्री अक्कमहादेवीचं नाव अशा मजकुरात हमखास येतं. पण बाराव्या शतकात, कर्नाटकातल्या कल्याणच्या (आजचं बसवकल्याण) अनुभवमंटप या धर्मसभेत, शरणांच्या म्हणजे शिवभक्त संतांच्या मेळ्यातही संत अल्लमप्रभूंनी तिची परीक्षा घेतली, असं ‘शून्यसंपादने’ हा कन्नड ग्रंथ सांगतो: साडी टाकलीस, मग केसांनी अंग का झाकतेस? पुरुष साधूला हा प्रश्न कुणी विचारला असता का? मला तरी वाटत नाही.

राहिले ‘गुलाम मानसिकतेचे’ म्हटलेले आक्षेप घेणारे. कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यात चंद्रगुत्तीला रेणुकांबेचं देऊळ आहे. तिथे नवस फेडायला भाविक नग्न होऊन डोंगर चढत, आणि त्यात दलित व मागास जातींतल्या बायका मोठ्या संख्येने असत. मुनी अनेक वर्षांच्या तयारीनंतर वस्त्र सोडतो. इथे नवसाच्या धाकाने, हजारोंच्या गर्दीसमोर बाईला कपडे उतरवावे लागत. दोन्हींना ‘आध्यात्मिक नग्नता’ या एकाच नावाखाली आणणं मला क्रूरपणाचं वाटतं. १९८६ मध्ये ही प्रथा थांबवायला गेले ते दलित संघर्ष समितीचे कार्यकर्ते, म्हणजे त्याच समाजांतली माणसं. जमावाने त्यांना आणि पोलिसांना मारलं, त्यांचे कपडे उतरवून त्यांची धिंड काढली. त्यानंतर सरकारने तिथल्या नग्न सेवेवर बंदी घातली.