नाराला दीड तास? मग जाताच कशाला?

सकाळी सकाळी डोकं फिरलंय. मावसभावाने फॅमिली ग्रुपवर जपान टूरचं पत्रक टाकलं. कंपनी नावाजलेली, रोज भारतीय जेवण, सगळं झकास. त्यात एका ओळीत लिहिलंय: सकाळी क्योतो, मग ‘नारा डियर पार्क, दीड तास, फोटो स्टॉप’, मग ओसाकाला शॉपिंग. मी म्हटलं, अरे, तो एक दिवस मोकळा मागून घे आणि नाराला तिथलाच एखादा गाइड घे, फक्त तुमच्यासाठी. तर उत्तर आलं, “ताई, हरणंच तर आहेत. बाकी सगळं गुगलवर असतं.” खाली चार जणांचे अंगठे. एका भाचीने हसून लोळणारा इमोजी टाकला.

बरं बाबा. हरणंच तर आहेत.

710 ते 784, मधली थोडी वर्षं सोडली तर, हे गाव जपानची राजधानी होतं. त्याच शतकात इकडे वेरूळला कैलास लेणं खोदलं जात होतं. कोणी वेरूळला येऊन “माकडं बघितली, निघालो” म्हणालं तर आपण त्याला काय म्हणू? ते इथे लिहीत नाही, सासूबाईही वाचतात.

आम्ही गेलो तेव्हा आमच्या गाइड होत्या एक निवृत्त बाई. सत्तरीच्या आसपास, कापडी टोपी, पाठीला छोटी सॅक आणि छातीशी धरलेली एक जाडजूड फाइल. मनातल्या मनात मी त्यांना काकू करून टाकलं. इंग्रजी सावकाश, शब्द शोधत शोधत. स्टेशनवर पहिलं काय सांगितलं असेल? हातातले नकाशे, प्लास्टिकच्या पिशव्या, सगळं बॅगेत टाका आणि चेन लावा. हरणं खातात. 2019 मध्ये तिथे मेलेल्या काही हरणांच्या पोटात प्लास्टिकचे गोळे निघाले होते, एकाच्या पोटात तर चार किलोंच्या वर. मग हरणांना द्यायच्या बिस्किटांचं. तांदळाचा कोंडा आणि पीठ, साखर नाही. द्यायचं तर लगेच द्या, नाचवत बसू नका. संपलं की दोन्ही हात उघडे करून दाखवा, ती निघून जातात. आणि खरंच जातात हो!

आता भाचीने टाकलेली रील बघा. पोरगा बिस्किट वर धरून हरणाला नाचवतोय, हरीण शर्ट ओढतंय, मागून आपल्याच भाषेत खिदळणं चाललंय. जंगली जनावर आहे ते, सर्कशीतलं नाही. ह्यालाच म्हणायचं नारा बघितलं.

असो. मला सांगायचंय ते तोदाइजी या नाराच्या बुद्धमंदिराच्या अंगणातल्या दिव्याबद्दल.

मोठ्या दरवाजात काकू थोड्या थांबल्या. तिथे दोन लाकडी द्वारपाल आहेत, आठ मीटरच्या वर उंच. उनकेई, काइकेई हे शिल्पकार आणि त्यांच्या माणसांनी 1203 मध्ये एकोणसत्तर दिवसांत उभे केलेले. पुढे अंगणात शिरल्यावर समोर ते अवाढव्य सभागृह दिसतं आणि सगळे मोबाईल वर धरून सरळ तिकडे चालू लागतात. आम्हीही निघालो. काकूंनी हात आडवा केला. वाटेच्या बरोबर मध्ये, सभागृहासमोर, ब्राँझचा अष्टकोनी दिवा उभा आहे, साडेचार मीटरचा. लोक त्याला वळसा घालून जातात.

काकूंनी आम्हाला तिथे चांगली वीसेक मिनिटं उभं केलं. सभागृह दोनदा जळालं, 1180 च्या युद्धात आणि परत 1567 मध्ये. आज दिसतं ते 1709 चं, रुंदीला मूळच्यापेक्षा बरंच कमी. आतला बुद्धसुद्धा एका काळाचा नाही, त्याचं डोकं सतराव्या शतकातलं आहे. पण हा दिवा आठव्या शतकापासून इथेच आहे. जाळीच्या एका बाजूवर बासरी वाजवणारा बोधिसत्त्व, उपरणं वाऱ्यावर वर उडालेलं. दुसऱ्या बाजूवर झांजा. अहो, आपल्या आरतीच्या झांजा! मी त्या हिरवट धातूकडे बघत बसले आणि मागून झेंड्यामागे धावणारा कुठला तरी ग्रुप माझ्या खांद्याला धक्का देऊन गेला.

मग काकूंनी विचारलं, इंडियात कुठे? जळगाव सांगून काय कळणार? म्हणून हे म्हणाले, अजंता. तर बाईंनी फाइलची पानं सरासर उलटली आणि होर्युजीच्या भित्तिचित्रांचा फोटो काढला. नारापासून जवळच आहे ते मंदिर. 1949 च्या 26 जानेवारीला आग लागून ती चित्रं करपली. त्या धक्क्याने पुढच्याच वर्षी जपानने वारसा जपण्याचा कायदा केला. फोटोतला बोधिसत्त्व बघून मी गारच पडले. ती मान, त्या भुवया, आपल्या अजिंठ्याच्या चित्रातल्या पद्मपाणीचा लांबचा भाऊच! शाळेच्या सहलीत डब्याच्या घाईत पाहिलेला पद्मपाणी मला नाराच्या अंगणात एका जपानी बाईने परत दाखवला.

आणि मग बोधिसेन. भारतातून चीनमार्गे 736 मध्ये जपानला पोचलेला भिक्खू. 752 मध्ये या महाबुद्धाचे डोळे रंगवले ते त्याने. त्याच्या कुंचल्याला लांबच लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्या लोकांनी त्या हातात धरल्या होत्या, म्हणजे डोळे उघडण्याचं पुण्य सगळ्यांना. हे सांगताना काकूंनी फाइलची नाडी सोडली. एक टोक माझ्या हातात दिलं, मधला भाग ह्यांच्या हातात, आणि दुसऱ्या टोकाला स्वतःचं पेन बांधून हवेत डोळा काढला. आमचे हे सहसा कशाने हलत नाहीत, क्रिकेट सोडून. ते नाडी सोडायला तयार नव्हते. तो कुंचला आणि ती निळी रेशमी दोरी शोसोइन या भांडारात आजही जपून ठेवलेली आहे.

हे असतं की गुगलवर. मीच सांगते, असतं. बोधिसेन टाइप केलं की येतो. पण तुम्ही टाइप कधी करणार? नावच माहीत नसेल तर शोधणार काय? “नारा डियर बेस्ट फोटो स्पॉट” शोधाल.

आता पैशांचं. हो, लागतात, आणि थोडेथोडके नाहीत. आमचं त्या दिवसाचं शॉपिंग त्यातच गेलं आणि नणंदेला आणायची क्रीम राहिली, ते अजून ऐकतेय. पण नारात हौसेने फिरवणारे स्वयंसेवक गाइडही आहेत, फी घेत नाहीत, प्रवासखर्च आणि जेवण आपण बघायचं. आधी कळवावं लागतं, एवढंच. पोपटपंची करणारे गाइडही असतात, मान्य. आणि पंधरा मीटरचा तो बुद्ध कोणी काही न सांगताही अंगावर येतो, तेही मान्य. खांबाच्या भोकातून पोरं सरपटत जातात तिथेही मजा आहे. जा, सरपटा. पण आधी त्या दिव्यापाशी थांबा ना!

दुपारी काकूंनी नारामाचीच्या गल्ल्या दाखवल्या. अरुंद दर्शनी भागांची, आत लांबच लांब जाणारी घरं, छपराच्या कडेला टांगलेली लाल कापडी माकडं. घरावर येणारं संकट ती स्वतःवर घेतात म्हणे. गांगोजी मंदिराच्या छपरावर तर राजधानीच्याही आधीची काही कौलं आहेत, ती काकूंनी बोट करून दाखवली. कासुगा देवळातले दिवे पळत पळत झाले, तिथे मला अजून वेळ हवा होता.

ग्रुपवर एवढं लांब लिहिलं असतं तर कोणी वाचलं नसतं, म्हणून इथे. भावा, तू वाचतोयस हे मला माहीत आहे, तुझा अंगठा पोस्ट टाकल्या टाकल्या येतो. खाण्याची काळजी करू नकोस. सूपमध्ये मासे असतात हे आधी सांगितलं की गाइड दुकानात विचारून देतात. आम्ही मोची म्हणजे तांदळाचे मऊ गोळे आणि कुझू नावाच्या मुळाच्या पिठाचे गोड तुकडे खाऊन मस्त राहिलो, शिवाय बॅगेत दशम्या होत्याच. कंपनीच्या माणसाला एवढंच विचार की नाराला सकाळीच स्वतः गेलो आणि संध्याकाळी ट्रेनने ओसाकाच्या हॉटेलवर पोचलो तर चालेल का. तासाभराच्या आत पोचता येतं. नाही म्हणाला तर त्याचा नंबर पाठव. मी बोलते.