मिल्वॉकीचा चमचा, हतनूरचं पाणी

मे महिन्यात आमच्या जळगाव-भुसावळकडे पाहुणा येतो तो लग्नापुरता. शहाणा असेल तर अक्षता पडल्या की रात्रीच्या गाडीने परत फिरतो. पारा 44-45 वर गेला की आम्ही इथलेच लोक अकरा वाजता दारं लावून घेतो, तिथे पाहुण्याची काय कथा! पण माझा भाचा अमेरिकेतल्या मिल्वॉकीहून आला आणि लग्नाचा सदरा राहिला बॅगेत. आधी बाहेर निघाल्या मासे धरायच्या दोन काठ्या. त्याला हतनूर धरणावर 'ट्रोलिंग' करायचं होतं.

प्रकार असा. होडी संथ चालवायची आणि मागे लांब दोऱ्या सोडायच्या. दोरीच्या टोकाला गळ लावलेला पत्र्याचा चमकता चमचा. तो पाण्यात असा वळवळतो, की मोठ्या माशाला वाटतं, कुणीतरी लहानगा जायबंदी होऊन पळतोय. वेग ताशी साडेतीन-चार किलोमीटर. त्याहून कमी झाला तर चमचा मेल्यासारखा लोंबतो, फार वाढला तर नुसता गरगरतो. मिल्वॉकीला लागून असलेल्या मिशिगन सरोवरात हा पठ्ठ्या अशा रीतीने सामन आणि ब्राऊन ट्राउट हे मासे धरतो म्हणे. ते सरोवर 58 हजार चौरस किलोमीटरचं. जळगाव, धुळे, नंदुरबार असे तिन्ही जिल्हे दोनदा बुडवले तरी त्यात जागा उरेल.

रात्री जेवताना त्याने सगळा इतिहास सांगितला. तिथे समुद्रातून कालव्यावाटे अल्वाईफ नावाचे छोटे मासे शिरले आणि इतके माजले, की 1967 साली मरून पडलेल्या माशांचे किनाऱ्यावर ढीग लागले. ते खायला कुणीतरी हवं म्हणून सरकारने आदल्याच वर्षी पॅसिफिककडचे सामन आणून सोडायला सुरुवात केली होती. ब्राऊन ट्राउट तर त्याच्याही आधी, 1883 मध्ये, जर्मनीहून अंड्यांच्या रूपाने अमेरिकेत आलेला. "म्हणजे दोन्ही मासे बाहेरगावचे," ही भाकरी वाढता वाढता म्हणाली. मी म्हटलं, आपल्या धरणातला कटला तरी कुठला इथला? तोही मूळ गंगेकडचा. भाच्याला हे फार आवडलं. त्याच भरात त्याने मलाही सोबत धरलं.

आता खरी अडचण. उन्हाळ्यात सामनला 12 अंशांच्या आसपासचं थंड पाणी लागतं. ते वर मिळत नाही म्हणून तो खोल जातो आणि त्याच्या मागोमाग चमचाही खोल न्यावा लागतो. त्यासाठी दहा पौंडांचा शिशाचा गोळा तारेने खाली सोडतात आणि काठीची दोरी त्या तारेला चिमट्यात अडकवतात. मासा लागला की दोरी चिमट्यातून सुटते. सामानाच्या वजनापायी तो गोळा मिल्वॉकीलाच राहिला होता. मी म्हटलं, अरे, 12 अंशांचं पाणी मे महिन्यात आमच्याकडे फक्त फ्रिजमध्ये असतं, तेही वीज असेल तर. तुला गोळा हवा कशाला? पण त्याचं लक्षच नव्हतं. तो माझ्या किराणा दुकानात तराजूकडे टक लावून उभा होता. सरकारी शिक्क्याचं, वर कडी असलेलं, 5 किलोचं बिडाचं वजन! तारेऐवजी नायलॉनची दोरी घेतली. चिमटा गच्चीवरचा, कपडे वाळत घालायचा.

पहाटे धरणावर पोहोचलो. पावसाळ्यात याच हतनूरचे 41 दरवाजे उघडले की पेपरात पहिल्या पानावर बातमी असते. मे महिन्यात मात्र पाणी ओसरून काठाला भेगाळलेला गाळ. होडीवाल्या आबांनी चमचा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "शेठ, कटला काय दूधभात खाऊन रायला का?" त्यांचं बरोबरच होतं. कटला पाण्यातले बारीक जीव गाळून खातो, राहू शेवाळावर जगतो. पळत्या माशामागे धावणारी जात वेगळी, मरळीसारखी. ती काठच्या गवतात.

होडीत चढताना मी केळ्यांची फणी ठेवली आणि भाचा किंचाळला. होडीत केळं म्हणजे महाअपशकुन! तिकडचे नावाडी केळं पाहिलं की गिऱ्हाइकाला परत काठावर उतरवतात. हे त्याने कुठे उभं राहून सांगावं? रावेर तालुक्याच्या तोंडावर, चहूकडे केळीच्या बागा, आबांच्या खांद्यावरचा गमछासुद्धा केळीच्या डागांनी काळा झालेला. आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी फणीतलं एक केळं सोललं, सावकाश खाल्लं, साल पाण्यात टाकली आणि वल्हं उचललं.

पुढचे काही तास भाचा मोबाईलवर वेग बघत होता आणि आम्ही वल्ही मारत होतो. "मामा, 1.9 झालाय. जरा वाढवा." वाढवला. "आता 4.6. चमचा गरगरेल." आबा म्हणाले, "भो, बैल तरी आवाजावर चालतो." नऊ वाजता ऊन असं चढलं की वल्ह्याची मूठ हातात धरवेना. माझी टोपी भिजवून डोक्यावर ठेवायची आणि ती वाळायची, एवढाच काय तो बदल दिसत होता.

तेवढ्यात चिमटा सुटला! काठी वाकली, भाचा उभा राहिला, होडी कलंडायला लागली. वजन तळातल्या कुठल्यातरी बाभळीच्या खुंटात अडकलं होतं, आणि चमच्याला लागलं होतं कुणाचं तरी हातभर कुजकं जाळं. "सोडू नका मामा!" भाचा ओरडला. आबांनी कमरेचा विळा काढला आणि दोरी कापली. माझ्या डोळ्यांदेखत दर दोन वर्षांनी रांगेत उभं राहून शिक्का मारून आणलेलं वजन तापीमाईला अर्पण झालं.

परतताना आबांनी रात्री टाकलेलं स्वतःचं जाळं उचललं. त्यात चिलापी होत्या आणि एक दांडगा कटला. तो घेतला. आबांनी हातावर तोलून सांगितलं, पाच किलो भरतो. पडताळायला माझ्याकडे माप कुठे होतं?

भाचा परत गेला. भरपाई म्हणून तिकडचा शिशाचा गोळा पाठवायचं त्याने कबूल केलंय. दहा पौंडांचा, म्हणजे 4 किलो 536 ग्रॅमचा. ही म्हणाली, "येऊ द्या. उधारीवाल्यांसाठी वेगळा ठेवू."