नायट्याची ‘जादूची ट्यूब’ मीच विकलीय, म्हणून सांगतो

परवा भाच्यानं मला एक मेसेज पाठवला. खाली लिहिलेलं, "मामा, ही ट्यूब दुकानात असली तर चार बाजूला ठेवा, तालमीतल्या पोरांना पायजेत."

हा मेसेज तुमच्याकडंही आला असणार. नायटा, खाज, पुरळ, डाग, काळेपणा, सगळ्यावर एकच ट्यूब. वरून लावायची, त्यामुळं शरीरात काही जात नाही. दोन दिवसांत खाज बंद. सोडल्यावर परत उठलं तर घाबरू नका, रोग मुळासकट बाहेर पडतोय, चालू ठेवा. चेहऱ्याला लावली की उजळपणा. तान्ह्या बाळालाही चालते. आणि शेवटी ठरलेलं वाक्य: डॉक्टर हे सांगणार नाहीत, त्यांची फी बुडते.

मंगळवार पेठेत माझं मेडिकल आहे. भाच्याला घरी बोलावलं आणि म्हटलं, दाखव. जांघेत दोन्ही बाजूंना लालसर-तपकिरी पसरलेलं. नायट्याची गोल चकती, उठलेली कड, काहीच ओळखू येईना. आणि त्यात जांभळट चरे, बाळंतिणीच्या पोटावर असतात तसले. पोरगं एकोणीस वर्षांचं. पाच महिने लावतोय म्हणाला. "पण मामा, खाज तर जाती की."

जाते. तिथंच सगळी फसगत आहे.

ट्यूब उलटी करून बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल, मायकोनॅझोल, निओमायसिन. मधलं बुरशीवरचं, शेवटचं जिवाणूंवरचं, आणि पहिलं स्टेरॉइड. तेही साधंसुधं नाही, कातडीवर लावायच्या स्टेरॉइडमधलं सगळ्यात जहाल. नायटा ही बुरशी. ती कातडीच्या वरच्या थरातलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन जगते. लाली आणि खाज होते ती आपलं शरीर तिच्याशी झुंजतंय म्हणून. स्टेरॉइड ही झुंजच थांबवतं. पैलवानाला पैलवानाच्या भाषेत सांगायचं तर आखाड्यात आपल्याच गड्याचे हात बांधले. आरडाओरडा थांबला, मैदान शांत झालं, आणि समोरचा निवांत पसरला. दोन दिवसांत खाज बंद होते म्हणजे एवढंच होतं.

मग ट्यूब संपते, हात सुटतात, आणि आधी रुपयाएवढा असलेला नायटा तळहाताएवढा होऊन उठतो. याला मेसेजवाला म्हणतो ‘रोग मुळासकट बाहेर पडतोय’. अरे कुठलं मूळ? रताळं आहे का ते? बुरशी वरच्या थरात असते, खाली बाहेर पडायला काही नसतंच. हे एक वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण थांबायची वेळ येते नेमकं तेव्हाच ते ‘चालू ठेवा’ म्हणतं. पोरगं परत ट्यूब आणतं, परत दोन दिवस बरं वाटतं, परत पसरतं. कड पुसली जाते आणि पहिल्या नजरेत डॉक्टरलाही नायटा ओळखू येत नाही. त्यांच्या भाषेत याला नाव आहे, टिनिया इनकॉग्निटो, वेष पालटलेला नायटा. नायटा आज ना उद्या बरा होईल. जांघेतले चरे मात्र फिके पडतील, जाणार नाहीत. पैलवानाला लंगोटावर उभं राहायचं असतं, हे मी वेगळं सांगायला नको.

‘वरून लावलेलं आत जात नाही’ हेही तपासून झालंय, १९६७ सालीच. हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड शरीरावर ठिकठिकाणी लावून किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागातून जेवढं आत गेलं, त्याच्या ४२ पट अंडकोषाच्या कातडीतून गेलं. जबड्यापाशी १३ पट. आणि आमची पोरं ट्यूब फासून वर लंगोट आवळतात, म्हणजे झाकण लावून मुरवतात.

बाळाचं तर बोलायलाच नको. वर नॅपी म्हणजे तेच झाकण, आणि खाली कोवळी कातडी.

चेहऱ्याचं मान्य करतो, आठवडाभरात फरक दिसतो. रक्तवाहिन्या आकसतात, लाली उतरते, रंगही थोडा उतरतो. त्यावरच तर ही ट्यूब खपते. पुढचं मेसेजमध्ये नाही. २०११ साली देशभरातल्या बारा चर्मरोग केंद्रांची पाहणी छापून आली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण स्टेरॉइडचं मलम लावत होते. त्यातल्या ३९२ जणांना त्याचा त्रास झालेला, सगळ्यात जास्त मुरुमांचा. १२६ जण ते गोरेपणासाठी किंवा दाढीनंतरचं क्रीम म्हणून वापरत होते. आणि हे वाचताना माझी मान खाली जाते ती इथं: २५७ जणांना ते डॉक्टरनं दिलेलंच नव्हतं. मैत्रिणीनं, न्हाव्यानं, शेजाऱ्यानं सांगितलेलं. आणि माझ्यासारख्यानं काउंटरवरून सरकवलेलं. मीही सरकवलंय. ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हणणाऱ्याला चिठ्ठी मागितली की तो समोरच्या दुकानात जातो, हे कारण मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं.

फीचं अगदीच खोटं नाही. चर्मरोगवाल्याची फी, रोजगार बुडवून सीपीआरची, म्हणजे सरकारी दवाखान्याची रांग, यापुढं ट्यूब स्वस्तच वाटते. पण पाच महिन्यांच्या ट्यूबा मोजा की.

आणि हे वाचून कोणी उद्या ‘स्टेरॉइड म्हणजे विष’ असा उलटा मेसेज फिरवू नका. इसब, सोरायसिस यांवर हेच औषध डॉक्टर देतात आणि ते गुण देतं. फक्त मोजून. क्लोबेटासोल सलग दोन आठवड्यांच्या वर नाही, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर बसेल एवढी रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. डॉक्टरनं दिलेलं असेल तर माझं वाचून बंद करू नका, त्यांनाच विचारा.

भाच्याला बुधवारी नेलं. स्टेरॉइड बंद, फक्त बुरशीवरचं औषध, आणि दिसायचं थांबल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर. टॉवेल वेगळा, लंगोट रोज गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात. वस्तादांना मीच फोन केला. त्यांनी बरा होईपर्यंत आखाड्यात उतरू नको म्हणून सांगितलं. तेव्हापासून गडी माझ्याशी बोलत नाही.