‘एसी गाडी’वाल्या प्रतिक्रियेबद्दल

मी बांधकामाचा ठेकेदार. ‘मजूर शोधू की फॉर्म भरू?’ या माझ्या मागच्या लेखावर ‘एक मजूरपुत्र’ या नावानं रात्री साडेअकराला आलेली प्रतिक्रिया बऱ्याच जणांनी वाचली. काहींनी अंगठेही दिले. महोदयांचं म्हणणं थोडक्यात असं: बांधकाम मजुरांचा १९९६चा कायदा असो की नवी कामगार संहिता, दहा मजूर झाले की नियम लागू. मी धड हजेरीपट ठेवत नाही, मजुरांना ९० दिवस काम केल्याचा दाखला देत नाही, विमा काढत नाही. अन् शेवटी, ‘एसी गाडीतून उतरून घमेली मोजणाऱ्यानं मजुरांची कणव सांगू नये.’

आधी माझी चूक. मजूर कल्याणाचा एक टक्का उपकर मजुरीवर कापतात असं मी लिहिलं होतं. तो बांधकामाच्या खर्चावर असतो. आपण दाखवलंत, मी दुरुस्त केलं, आभारी आहे. सरकारी कामाच्या बिलातून तो कापूनच पैसे हाती येतात, हे मात्र जिथल्या तिथं आहे.

आता गाडी. साहेब, माझी जीप चौदा वर्षांची आहे. तिचा एसी तिसऱ्याच उन्हाळ्यात मेला. मे महिन्यात पवनी ते भंडारा या एकदा माझ्यासोबत, काचा खाली करून. मागच्या सीटवर सिमेंटच्या रिकाम्या चुंगड्या, व्हायब्रेटर अन् पाण्याची कॅन असते. तुम्ही ती गाडी पाहिली तरी आहे का?

घमेल्याचं म्हणाल, तर १९८८ मध्ये राजीव गांधींनी गोसेखुर्द धरणाचं भूमिपूजन केलं तेव्हा मी सहावीत होतो. पुढे त्याच धरणाच्या कालव्याच्या कामावर माझी आई रेजा, म्हणजे बाईमजूर होती. दहावीच्या सुट्टीत मीही गेलो. पहिल्या दिवशी चुंबळ नीट वळता आली नाही. गिट्टीचं घमेलं घसरलं अन् त्याची कड कानामागे लागली. खूण अजून आहे. रात्री आईनं हळद भरली, दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याचं फडकं फाडून चुंबळ करून दिली. तेव्हा कणव कशाला म्हणतात हे मला कोणी मोबाईलवरून शिकवू नये. मजूरपुत्र मीही आहे, बाप्पा. फक्त तसं नाव लावून फिरत नाही.

हजेरीचं म्हणाल तर वही आहे माझ्याकडे. वीस वर्षांच्या वह्या आहेत. बाजाराच्या दिवशी दुपारी चुकारा होतो, उचल वजा करून, रोख. धानाची रोवणी लागली की सतराचे पाच मजूर उरतात, अन् मुदतवाढीच्या अर्जात ‘रोवणी’ हे कारण साहेब लोकांच्या घशाखाली उतरत नाही. आज नऊ, उद्या सतरा. रोज सकाळी माणसं मोजून कायदा लावू की काय? (एक दिवस दहा भरले तरी पुरे, असं आपण लिहिलंत. वाचलं.)

९० दिवसांचा दाखला हा स्वतंत्र विषय आहे. त्यावर पुन्हा कधी.

विम्याबद्दल एवढंच. तीन वर्षांमागे सेंट्रिंग खोलताना एक पोरगा पडला, मांडीचं हाड मोडलं. त्याला नागपूरला मीच नेलं, याच ‘एसी’ गाडीतून. ऑपरेशनचे पैसे भरले बायकोच्या पाटल्या गहाण ठेवून. वर्षभरानं १९२३च्या भरपाई कायद्याखाली त्याच्या वकिलाची नोटीस आली. ते प्रकरण मिटलं. पण पाटल्यांचा हिशेब कोणत्या कलमात बसतो ते मजूरपुत्रांनी सांगावं.

तुमची प्रतिक्रिया मी ठेवली आहे. काढून टाकणं एका बोटाचं काम होतं. खरं नाव सांगा अन् बाजाराच्या दिवशी साइटवर या. चहा पाजतो. मजुरांनाच विचारा काय विचारायचं ते. वही मात्र घरी असते.