माझा रुपया

काल पुण्यात तपकीर गल्लीत माझी भर दुकानात शोभा झाली, आणि ती करणारा गृहस्थ तिथे मिक्सर दुरुस्तीला आला होता.

माझी नाट्यसंगीताची एल.पी. रेकॉर्ड एका जागी अडकत होती. नाट्यसंगीतात हे कळायलाच वेळ लागतो. पहिल्या दिवशी मी दोन मिनिटं मान डोलावत होतो. मग सल्ले सुरू झाले. एकजण म्हणाला, रेकॉर्ड फिरवणारी थाळी जड हवी. दुसरा म्हणाला, फोनो प्रीअ‍ॅम्प बदला. आता रेकॉर्ड कोरताना खर्ज दाबतात, वरचे सूर चढवतात आणि प्रीअ‍ॅम्प ते उलटं करून पूर्ववत आणतो. तो नसला तर पखवाजसुद्धा डासासारखा ऐकू येतो. पण माझा धड होता! तिसऱ्याने साडेचार हजारांची केबल घ्यायला लावली. तिने एक झालं. अडकणं जास्त स्वच्छ ऐकू यायला लागलं.

शेवटी रेकॉर्ड प्लेअर उचलून दुकानात आणला. दुकानदार भिंगातून सुई बघत होता. मांडीवर मिक्सर घेतलेले गृहस्थ म्हणाले, "काय, अडकते का?"

"हो."

"वजन कमी पडतंय. आमचे वडील चार आणे ठेवायचे."

"अहो, या कार्ट्रिजला, म्हणजे सुईच्या डबीला, दोनच ग्रॅम भार लागतो. आर्मच्या मागचं वजन फिरवून तो बरोबर लावायचा असतो."

"लावलाय का तुम्ही?"

मी केबलबद्दल बोलायला लागलो.

"केबल गाते का साहेब?" असं म्हणत त्यांनी खिशातून रुपया काढला, चक्क उठले आणि माझ्या प्लेअरच्या आर्मच्या टोकावर, सुईच्या वर, ठेवला. तो रुपया पावणेचार ग्रॅमचा! म्हणजे एकूण जवळपास तिप्पट भार. मी "अहो, खाच जाईल!" म्हणेपर्यंत गायक ती जागा पार करून, वर समेवर येऊन मोकळा झाला. दुकानातल्या पोराने टाळी वाजवली. चहावाल्यानेही.

खरं सांगतो, चूक त्यांचीच होती. असं रोज केलं तर सुई नि रेकॉर्ड दोन्ही कामातून जातात. पण हे ऐकायला कोण थांबलंय? दुकानदार भिंग खाली ठेवून म्हणाला, "सुई झिजलीय. हजार तास म्हणजे खूप झाले हो." सगळ्या यंत्रात रेकॉर्डला टेकतो तो एवढासा हिऱ्याचा कण, आणि मी पैसे घातले ते तारेत. नवी सुई आणायला तीन आठवडे, अ‍ॅडव्हान्स आत्ताच. भिंगातून बघण्याचे दोनशे वेगळे. पावती मागितली तर त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मीच मिक्सर आहे.

पिशवी उचलून पायरी उतरलो, तेवढ्यात मागून हाक आली.

"साहेब, माझा रुपया!"

तो अजून आर्मवरच होता. मी परत केला. त्यांचा मिक्सर मात्र शेवटपर्यंत चालू झाला नाही, एवढं बघूनच मी निघालो.