"इथं कुठं भेटतो थेरपिस्ट?" : सेलूच्या वाचकाला उत्तर

नमस्कार दादा,

'शेतकऱ्याचा पोरगा' एवढीच सही करून तुम्ही जी प्रतिक्रिया लिहिली, तिला खाली दोन ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नव्हतं. म्हणून हे सवडीनं लिहितेय.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी म्हटलं होतं की मनाच्या दुखण्यासाठी एकदम पुणं-मुंबई गाठू नका, आधी आपल्या नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात कोणी आहे का बघा. त्यावर दादांचं म्हणणं असं: "ताई, तुमचा लेख शहरातल्या लोकायसाठी हाय. इथं कुठं भेटतो थेरपिस्ट? हाय तो डोक्याचा डॉक्टर, दोन मिनिटांत गोळ्या लिहितो. त्याच्या दारात गाडी लावली की संध्याकाळपर्यंत गल्लीत बोभाटा. आन् ज्याच्या डोक्यावर बँकेचं आन् सावकाराचं कर्ज हाय, त्याला काउन्सेलिंग काय करणार? कर्ज फेडणार का? तुमचं काय, मेडिकल हाय, गोळ्या खपल्या म्हंजे झालं." आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं: "मोठा भाऊ दोन महिने झाले नीट झोपत नाही, कोणाशी बोलत नाही. दवाखान्यात यायला तयार नाही."

मेडिकलचं आधी मिटवते. गोळ्या मी विकते, त्यात लपवायचं काय? पण काउंटरच्या या बाजूनं काय दिसतं तेही ऐका. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम या झोपेच्या नि घबराटीच्या गोळ्या शेड्यूल एच-१ मध्ये, म्हणजे कायद्यानं कडक नजर ठेवलेल्या औषधांच्या यादीत येतात. त्या देताना डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरला लिहावं लागतं, ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळावं लागतं. तरी घडीवर फाटलेली जुनी चिठ्ठी घेऊन कोणी ना कोणी येतंच. "तीच द्या, डॉक्टरकडं परत कशाला जायचं?" नाही म्हटलं की पुढच्या दुकानात. चिठ्ठी बऱ्याचदा मनोविकारतज्ज्ञाची नसतेच. गुडघ्याच्या नाहीतर बीपीच्या डॉक्टरनं आठ-दहा दिवसांपुरती लिहिलेली असते. झोप का येत नाही, हे त्या माणसाला कोणी विचारलेलंच नसतं. त्या गोळीची सवय लागते. नैराश्यावरच्या गोळीची गत नेमकी उलटी. तिची अशी सवय लागत नाही, पण तिचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि लोक आठव्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ती सोडून देतात. मला नुसता धंदाच बघायचा असता, तर तुम्ही डॉक्टरकडे परत न गेलेलंच माझ्या फायद्याचं होतं.

परत जाणं, माझ्या लेखातला सगळा मुद्दा तेवढाच होता. मनाचं दुखणं एका चकरेत उरकत नाही. गोळ्या सुरू झाल्या तर दोन-तीन आठवड्यांनी डोस बघावा लागतो. बोलण्याचे उपचार घ्यायचे तर साधारण दर आठवड्याला पाऊण-एक तास, असे काही महिने. पुण्याचा नावाजलेला डॉक्टर गाठायला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसायचं, दिवसाची रोजी बुडवायची, फी भरायची. पहिल्यांदा माणूस हौसेनं जातो, दुसऱ्यांदा पेरणी आडवी येते, तिसऱ्यांदा जातच नाही. म्हणून म्हणते, फार हुशार पण लांबचा नको, बरा पण जवळचा बघा.

आता, आहे कोण? "थेरपिस्ट" अशी पाटी शोधत फिरलात तर सेलूत नाहीच भेटणार, परभणीतही शोधावीच लागेल. तुम्ही ज्याला डोक्याचा डॉक्टर म्हणता तो मनोविकारतज्ज्ञ: एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला. औषध लिहायचा अधिकार त्याला. दुसरा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. तो औषध देत नाही, चाचण्या घेतो आणि बोलण्याचे उपचार करतो. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा नोंदणी क्रमांक असायला हवा. तो मागायला लाजू नका. खरा माणूस राग धरत नाही, आणि जो धरतो त्याच्याकडे न गेलेलं बरं. तिसरा 'समुपदेशक'. इथं मात्र डोळे उघडे ठेवा. मानसशास्त्रात एमए करून कोणाच्या तरी हाताखाली वर्षानुवर्षं शिकलेली चांगली माणसं त्यात आहेत, आणि चार दिवसांचं शिबिर करून पाटी लावलेलीही आहेत. कुठं शिकलात, अवघड केस आली तर कोणाला विचारता, गरज पडली तर कोणत्या डॉक्टरकडे पाठवता, हे सरळ विचारा. "इतक्या बैठकांत डिप्रेशन कायमचं बरं" असा बोर्ड दिसला तर गाडी थांबवूच नका.

सुरुवात जिल्हा रुग्णालयापासून करा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात तिथं मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि समाजसेवक अशी पदं असतात. पद आहे म्हणजे माणूस आहे असं नव्हे, म्हणून आधी चौकशी करा, कोणत्या वारी कोण बसतं ते विचारा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत, तेव्हा फीची अडचण तिथं तरी नाही. वैद्यकीय महाविद्यालयांचा कारभार वेगळ्या खात्याकडे आहे, तिथं केसपेपरचे थोडे पैसे पडतात. पण संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ), नांदेडला विष्णुपुरी, आणि लातूर, या मोठ्या दवाखान्यांत शिकवणारे डॉक्टर असतात, हा फायदा. मनोरुग्णालय शोधू नका. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही, आणि तुमच्या भावासारख्या माणसाला त्याची गरजही नसते.

दोन मिनिटांत गोळ्या लिहितात, हे तुमचं खरं आहे. एका नातलगाबरोबर मी अशाच एका सरकारी ओपीडीत बसले होते. टेबलाला टेकून पुढचे तिघं उभे, त्यांच्या हातातले केसपेपर डॉक्टरच्या खांद्याला लागतायत, आणि डॉक्टर विचारतायत, "जीव द्यावासा वाटतो का?" त्या गर्दीत कोण "हो" म्हणेल? नातलग म्हणाला, "नाही नाही, बरं आहे." मग आम्ही बाहेर येऊन बसलो. गर्दी ओसरल्यावर, साडेबाराच्या सुमाराला परत आत गेलो, तेव्हा तेच डॉक्टर वीस मिनिटं बोलले. त्यावरून सांगते: केसपेपर वेळेत काढून ठेवा, आत मात्र शेवटी शेवटी जा. आणि एक कागद लिहून न्या. झोप कधीपासून गेली, रात्री कितीला जाग येते, जेवण किती कमी झालं, दारू आहे का, थायरॉइड-शुगर-बीपीच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात आधी कोणाला असं झालं होतं का. डॉक्टरकडे पाचच मिनिटं असली तरी त्यातली चार तुम्हाला हे आठवण्यात जायला नकोत.

बोभाट्याचं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं पेशंटची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलंय, पण कायदा चहाच्या टपरीवर येऊन बसत नाही. त्यापेक्षा तुमच्याकडे रेल्वे आहे ती वापरा. सेलूत गाडीत बसलं की एकीकडे परतूर, जालना, संभाजीनगर, दुसरीकडे मानवत रोड, परभणी, पूर्णा, नांदेड. परभणीत पाव्हणे जास्त असतील तर जालन्याला जा. सोयाबीनचा भाव बघायला गेलो होतो म्हणा, नाहीतर काहीच म्हणू नका. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं, म्हणजे माझ्या हिशेबात ते जवळचंच. बहिणीच्या लग्नाचं बोलणं चालू असलेल्या घरांना ही काळजी किती खरी असते ते मला ठाऊक आहे. माझ्याच दुकानात लोक गोळ्यांचं पाकीट काढून नुसती स्ट्रिप कागदात गुंडाळून मागतात.

फोनवरही होतं. सरकारची टेली-मानस सेवा, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत. आधी समुपदेशक बोलतो, लागलं तर पुढं तज्ज्ञाकडे जोडून देतात. महिनोन्महिने चालणाऱ्या उपचारांची जागा तो फोन घेणार नाही, पण पहिलं बोलणं होऊन जातं. काही सायकॉलॉजिस्ट दोनदा समोर भेटून मग फोनवर पुढच्या बैठका घेतात. ते जमत असेल तर घरात बसून बोलू नका. आपल्या घरांत भिंत असली तरी दार कुठं असतं? शेतात रेंज येते ती जागा बघा आणि वाऱ्याकडे पाठ करून बसा.

आता कर्ज. काउन्सेलिंगनं कर्ज फिटत नाही. सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यात शेतकऱ्यांचं समुपदेशन आलं, १०४ क्रमांकाची हेल्पलाइन आली, आशाताईंना घरोघर विचारपूस करायला लावलं. यावर तेव्हाही लोक तुमच्यासारखंच म्हणाले: भाव द्या, पाणी द्या, समजूत कसली घालता? मी त्यांच्याच बाजूची. शेतकरी मनानं कमकुवत म्हणून मरतो असं कोणी म्हणालं तर मलाही चीड येते. पण दादा, कर्जातून बाहेर पडायचे जे चार-दोन रस्ते आहेत, ते चालायला डोकं ठिकाणावर लागतं. परवाना नसलेल्या सावकाराविरुद्ध २०१४ च्या सावकारी कायद्यानं जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. बँकेत पुनर्गठनाचा, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून द्यायचा अर्ज देता येतो. बहिणीला, मेव्हण्याला खरा आकडा सांगून काही महिने उसने मागता येतात. ज्याला दोन महिने झोप नाही, तो यातलं काय करेल? बँकेचं पाकीट आलं तर तो ते न फोडता फडताळात टाकतो. फोन वाजला की उचलत नाही. "काय फरक पडणार आहे" हे वाक्य त्याच्या तोंडून येत असलं तरी ते आजाराचं असतं, आणि ऐकणारे सगळे त्याला त्याचा स्वभाव समजतात. गोळीनं नि बोलण्यानं कर्जाचा आकडा तोच राहतो, पण पाकीट फोडलं जातं. एवढंच मी म्हणते, याहून जास्त मी म्हणालेच नव्हते.

तुमच्या भावाचं शेवटी ठेवलं, कारण खरी प्रतिक्रिया तीच होती असं मला वाटतं.

त्यांना "डोक्याच्या डॉक्टरकडे चल" म्हणू नका. "झोपेसाठी दाखवून येऊ, मीही येतो" म्हणा. यात खोटं काहीच नाही, झोप खरंच गेलीय. तरी नाहीच म्हणाले तर आधी तुम्ही एकटे जाऊन डॉक्टरला भेटा, किंवा १४४१६ ला तुम्हीच फोन करा. घरच्या माणसानं केला तरी चालतो. आई देवाला नाहीतर दर्ग्याला घेऊन जाऊ म्हणत असेल तर भांडत बसू नका, जाऊन या, फक्त डॉक्टरची तारीख चुकू देऊ नका. कोणी मारहाण, उपाशी ठेवणं, साखळी असलं काही सांगायला लागलं तर तिथून निघा. २०१३ पासून राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आहे.

आणि त्यांना एकांतात सरळ विचारा, मरावंसं वाटतं का. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. उलट बऱ्याच जणांना कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं. उत्तर "हो" आलं, किंवा नुसतेच गप्प राहिले, तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. पोलिस केस होईल म्हणून घाबरू नका. जीव द्यायचा प्रयत्न केलेला माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा गृहीत धरतो.

उत्तराची वाट न बघता आजच एक काम करा. फवारणीची औषधं घरात, गोठ्यात, मोटारीच्या खोलीत जिथं कुठं असतील तिथून उचला आणि घराबाहेर दुसऱ्या कोणाच्या तरी कुलपात ठेवा. किल्ली भावाच्या हाती लागता कामा नये, आणि तुम्ही फवारणीपुरतं मोजून आणा. डॉक्टरनं गोळ्या लिहिल्या तर त्याही तुमच्या ताब्यात ठेवा आणि आठवड्याच्या आठवड्याला घ्या. दुकानदार म्हणेल, महिन्याच्या एकदम घेऊन जा, चकरा वाचतील. त्याला नको म्हणा.