गावभाग ते विश्रामबाग

येत्या गुरुवारी आम्ही सांगलीच्या गावभागातलं घर सोडून विश्रामबागला राहायला जातोय. हे सांगितलं की समोरून ठरलेलं उत्तर येतं, "एवढंच होय! रिक्षानं पंधरा मिनिटं." पुण्याला निघालो असतो तर गल्लीनं डोळे पुसले असते. चार-पाच किलोमीटरसाठी कोण पुसणार? पण मला विचाराल तर माणूस शहरात राहतच नाही. पायात चप्पल सरकवून, हातात पिशवी घेऊन जिथवर जाता येतं तेवढ्यात तो राहतो. त्यापलीकडं सगळं परगावच.

मी मूळची कराडची. एकोणीस वर्षांपूर्वी लग्न होऊन इथं आले, म्हणजे कृष्णाकाठावरून कृष्णाकाठालाच, फक्त खालच्या अंगाला. वरचं सगळं पाणी आपल्या मागोमाग येतं हे नंतर कळलं. पावसाळ्यात आमच्याकडं "जेवलात का?"च्या आधी "आयर्विनला किती?" विचारतात, म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं. चाळीस फूट म्हटलं की सामान माळ्यावर चढवायचं. पंचेचाळीस ही धोक्याची पातळी. २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी सत्तावन्नच्याही पुढं गेलं. आमचा फ्रिज स्वयंपाकघरातून तरंगत माजघरात आला होता, आणि दिवाळीचे डबे काढले तेव्हाही झाकणांच्या खोबणीत गाळ होता. २०२१ला पुन्हा तेच. त्या वेळी गाळ ओढता ओढता सासूबाईंनी खराटा भिंतीला टेकवला आणि म्हणाल्या, "आता बास. चौथ्यांदा माझ्यानं व्हायचं नाही." त्यांनी २००५चाही पूर काढलेला.

तेव्हा नदीकाठच्या जगण्यावर हळवं लिहिणाऱ्यांनी आधी एकदा भिजलेली कापसाची गादी दोघांत उचलून बघावी. आमचं जाणं बरोबरच आहे. मला खटकते ती जाण्याची रीत. खोकी आणायची, चिकटपट्ट्या मारायच्या, सगळ्यांनी सगळ्यांवर ओरडायचं आणि एका सकाळी टेम्पोच्या मागं निघून जायचं. घरी आलेला पाहुणासुद्धा असा उठून जात नाही.

म्हणून मी घरात जाहीर केलं, शेवटचे चार रविवार सामानाला हात लावायचा नाही. पाचजणांनी हिंडायचं. मुलगी कुरकुरली, "रोजचंच तर आहे, त्यात काय बघायचं?" नवऱ्यानं कपाळाला हात लावला. अजून माळा आवरायचा होता, हे त्याचंही खरंच होतं.

पहिल्या रविवारी हरिपूर. कृष्णा-वारणेचा संगम, संगमेश्वराचं देऊळ, येताना भडंगाचा पुडा. सासूबाई एरवी गुडघ्यांमुळं कुठं येत नाहीत, पण त्या दिवशी त्याच बोलत होत्या. हरिपूरची पेवं त्यांनी मुलांना सांगितली. जमिनीत खोल खड्डे, त्यात हळद साठवायची, तोंड बंद करायचं, वर्षानुवर्षं कीड नाही. २००५च्या पुराचं पाणी त्यात शिरलं आणि हळदीसकट पेवंही गेली. मुलगा म्हणाला, "म्हणजे आपल्या डब्यांसारखंच." कुणी हसलं नाही.

दुसऱ्या रविवारी भल्या सकाळी घाट आणि गणपती मंदिर. मंदिराबाहेर मुलानं शाळेतलं पाठांतर ऐकवलं : विष्णुदास भावे, 'सीता स्वयंवर', १८४३, सांगली संस्थानचा दरबार. मी म्हटलं, आपल्या गावात झालं ते. "माहितीये की," म्हणाला. पाच मिनिटं गप्प बसला आणि मग विचारलं, "आपल्या ह्याच गावात?" तिसरा रविवार पावसानं खाल्ला. तरी संध्याकाळी आयर्विन पुलावर गेलो. १९२९चा पूल, त्यावर उभं राहून पाण्याकडं बघताना आमच्या घरात कुणालाच नुसती नदी दिसत नाही, आकडा दिसतो.

चौथ्या रविवारी कुठंच गेलो नाही. गल्लीतच फिरलो. गिरणीवाल्या काकांकडं शेवटचं दळण होतं. त्यांनी डबा नेहमीसारखा ठोकून ठोकून भरला, कडेचं पीठ हातानं आत लोटलं आणि म्हणाले, "तिकडं काय, पाकिटातलंच खाणार आता." पैसे घेतले, अगदी सुट्टे मोजून. न घेतले असते तर मला रडू आलं असतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी मुलांना स्वयंपाकघराच्या चौकटीला उभं केलं. तिथं दर पाडव्याला पेन्सिलनं दोघांची उंची मारलेली असते. त्याच चौकटीवर सासऱ्यांनी २००५ची पाण्याची रेघ खिळ्यानं कोरली होती, पुढच्या दोन आम्ही कोरल्या. मुलगा आता २०१९च्या रेघेच्या चार बोटं वर गेलाय. पूर आला तेव्हा त्याची पेन्सिलीची रेघ गुडघाभर खाली होती. मुलीनं फोटो काढला. नवरा म्हणाला, चौकट काढून नेऊ. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे. घर घेणाऱ्याला कळायला नको, पाणी कुठवर येतंय ते?"

आता गल्लीतल्या मंडळींसाठी एक. आमचे तीन स्टीलचे डबे तुमच्यापैकी कुणाकुणाकडं आहेत, आणि एक पितळीचा, बहुतेक कोपऱ्यावरच्या काकूंकडं. माझ्याकडंही दोन आहेत, एकावर नाव आहे, ते पुसट झालंय. रिकामा डबा परत द्यायचा नाही ही आपल्या गल्लीची रीत, आणि गुरुवारपर्यंत माझ्या ओट्यावर काही शिजायचं नाही. तेव्हा तुमचे मी घेऊन जातेय. माझे आणून देऊ नका.